हातमोजे घालून धरलेला मासा

मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा, ह्याला इथे कॅनडात छंद म्हणतात. आमच्या वेंगुर्ल्यात ह्याला रिकामटेकडेपणा म्हणतात. सोडायचाच होता तर त्या बिचाऱ्याच्या ओठात गळ कशाला अडकवलास, मेल्या? पण विचारणार कोण! नवऱ्याची नोकरी ऑक्टोबरात गेली होती, आणि त्याचा एक जुना साहेब नव्या कंपनीत डायरेक्टर होऊन माणसं घेत होता. त्या साहेबाला भर थंडीत बो नदीत उभं राहून ट्राउट मासे पकडायचं वेड. मग माझ्या नवऱ्यालाही एकाएकी तेच वेड लागलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

हा पुण्याचा, जन्माचा शाकाहारी. मला बांगडा तळायचा तर गराजमध्ये हॉट प्लेट लावून, अंगात जाडजूड पार्का कोट घालून तळावा लागतो, कारण ह्याच्या नाकाला सोसत नाही. आणि तीन महिने रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसल्यावर आता हाच माणूस यूट्यूबवर माशांचे व्हिडिओ बघत होता.

फेब्रुवारीत थंडी उणे वीसवरून उणे पाचवर आली, तशी साहेबाने हाक मारली. रस्त्यावर बर्फ असलं की नवऱ्याचा धीर सुटतो, म्हणून गाडी मी चालवली.

साहेब छातीपर्यंतची रबरी विजार घालून पाण्यात उभा. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लांब फेकायची, ओढायची, पुन्हा फेकायची. गळाच्या काठीला दोरीसाठी असलेल्या कड्यांत बर्फ धरलं की फुंकर मारून वितळवायचं. आणि नवरा काठावरून प्रत्येक फेकीला, "वॉव! अमेझिंग!" अरे, काय अमेझिंग? मासा तरी लागलाय का? शी! थर्मासमधला चहा पिताना मलाच लाज वाटत होती.

तासाभराने लागला एकदाचा. चांगला हातभर, अंगावर गुलाबी पट्टा. साहेब तो जाळीत घेऊन काठाशी आला आणि म्हणाला, "तू धर, मी फोटो काढतो. आधी हात ओले कर."

नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. उघड्या हाताने मासा? "शुअर, शुअर" म्हणत त्याने खिशातून लोकरीचे हातमोजे काढले, नीट चढवले आणि मासा आवळून धरला. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तेच त्याचं चिलखत. ते सगळं लोकरीला पुसलं गेलं. साहेब ओरडला, "नो, नो! मारतोयस तू त्याला!" नवरा दचकला आणि मासा दगडांवर आपटला.

नोकरीची सगळी आशा तिथे कल्ले उघडझाप करत पडली होती आणि हा नुसता बघत उभा!

मी बाह्या सरसावल्या, मासा उघड्या हातांनी उचलला आणि तशीच गुडघाभर पाण्यात शिरले. त्याचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला धरून ठेवलं. थंडीने हात तुटून पडतात की काय असं झालं. बऱ्याच वेळाने त्याने शेपटीचा झटका दिला आणि गेला.

साहेब जाम खूश. "यू हॅव गुड हँड्स! पुढच्या शनिवारी तू ये." मग नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू घरी बस, बडी." आणि खो खो हसला. नवराही हसला.

गाडीत हीटर फुल केला तरी माझी बोटं वळेनात, म्हणून गाडी तशीच उभी ठेवली. नवरा माझ्या हातांकडे बघतसुद्धा नव्हता. समोर बघतच म्हणाला, "जाशील ना गं शनिवारी? जरा माझा विषय काढशील?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काडीची लाज आहे का रे तुला, असं अगदी ओठावर आलं होतं. दिवसभर ह्याची लाचारी बघून मी मनातल्या मनात थुंकत होते.

"सकाळी किती वाजता निघावं लागेल?" मी विचारलं.