तोंड नसलेली देवी

“तिच्याकडून करून घे रे. ती कुणाला सांगणार आहे थोडीच!”

ओटीवर दादाचा मित्र म्हणाला आणि दोघे हसले. मी आत माजघरात तांदूळ निवडत होते. मध्ये फक्त कुडाची भिंत. थोड्या वेळाने दादा आत आला, चौकटीला टेकला आणि म्हणाला, “अगं, तुला गोष्टी सुचतात ना? आम्हाला एक देवी हवी आहे.”

दसऱ्याला जव्हारच्या दरबारात पाहुण्यांपुढे नाटक करायचं, असं संस्थानच्या अंमलदारांच्या मुलांनी ठरवलं होतं. दादा मुंबईला कायदा शिकत होता. तिथे कुठल्याशा इंग्रजी कंपनीचं वाळवंटातलं नाटक पाहून आल्यापासून उंट, तंबू, तलवारी सगळं त्याच्या डोक्यात तयार होतं. फक्त त्याच्या नाटकातल्या वाळवंटी लोकांना देव नव्हता. आपले देव घ्यावेत तर कुणीतरी रागावणार, म्हणून नवा हवा होता.

वडील संस्थानच्या दवाखान्यात डॉक्टर. त्यांनी मला नाशिकला मिशनच्या शाळेत घातलं आणि सतरावं संपताच घरी आणून बसवलं. घरात माझं इंग्रजी अत्तरदाणीसारखं होतं. पाहुणे आले की बाहेर काढायचं, गेले की पुसून आत.

वाळवंट मी पाहिलं नव्हतं. पण वैशाखात वडिलांबरोबर मोखाड्याकडे गेले होते, तेव्हा आटलेल्या ओहोळात एका खड्ड्याभोवती बसलेल्या बायका पाहिल्या होत्या. तळाशी पाणी झिरपायची वाट बघत. करवंटीभर साचलं की एक जण भरून घेई, मग पुढची सरके. कुणी बोलत नव्हतं. गाडीतून वडील म्हणाले होते, “किती समाधानी लोक!” मला ते समाधान वाटलं नाही. तोंड उघडलं की घसा आणखी सुकतो, एवढंच असावं.

माझी देवी त्या खड्ड्यातून आली. नद्यांवरून माणसं एकमेकांना मारू लागली, तेव्हा तिने सगळ्या नद्या पिऊन टाकल्या आणि तोंड मिटलं. इतकी वर्षं मिटलं की ओठच उरले नाहीत. ती बोलली तर पाणी सुटेल आणि सगळे बुडतील. तिला घाम येतो, त्याचं दव होतं. लोक त्यावर जगतात. तिच्याकडे कुणी काही मागत नाही. तिची प्रार्थना म्हणजे तिच्याजवळ गप्प बसणं. तिची खूण म्हणजे एक गोल आणि त्यात तळाशी एक ठिपका, वरून पाहिलेला खड्डा. ती खूण बायका तळहातावर काढतात आणि पुरुष तंबूच्या दारावर. पुजाऱ्याने पाणी सगळ्यांच्या शेवटी प्यायचं.

हे सगळं मी दादाला उभ्या उभ्या सांगितलं. इतकं एका वेळी मी घरात कधी बोलले नव्हते. “तोंड नाही? झकास!” म्हणत तो ओटीवर पळाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आनंदाने.

मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवांची सोंगं निघतात. त्यांचे मुखवटे करणाऱ्या एका माणसाला दादाने मुखवटा सांगितला. तो कागदाच्या लगद्याचा मुखवटा घेऊन आला, तेव्हा मी चहा देत होते. पिवळा चेहरा, मोठे डोळे, आणि नाकाखाली नुसती गुळगुळीत हनुवटी. मला तो फार आवडला.

पण तोवर नाटक बदललं होतं. देवीचं काम दादाच्या त्याच मित्राकडे होतं. “पूर्ण नाटकभर मुका बसू? माझी आत्या डहाणूहून बघायला येते आहे!” असं त्याचं म्हणणं. म्हणून देवीला भाषण मिळालं. भाषण कुणाशी करणार, म्हणून नवरा मिळाला. सूर्यदेव. तो दादा स्वतः होता. शेवटच्या अंकात नवरा आज्ञा करतो, देवी तोंड उघडते, नद्या वाहतात आणि सगळे नाचतात.

“इथे जरा तोंड कापून दे. नवरा सांगेल तेव्हा ती बोलणार आहे,” दादा म्हणाला.

“डोलं लिवलं ना, भाऊसाहेब. आता ती देव जाली, सुरी नाय लावाची.” मग त्या माणसाने मुखवट्याकडे बोट करून विचारलं, “आन् या बायचं लगीन कधी जालं?”

“काल,” मित्र म्हणाला. “वऱ्हाडात तुला बोलवायचं राहूनच गेलं!”

ओटी हसली. दादाने स्वतःच चाकू घेतला. कड नीट कापली गेली नाही, लगदा फाटून आला. त्यावर त्याने लाल रंग फासला.

त्याच आठवड्यात आईने सांगितलं, ठाण्याचे पाहुणे दसऱ्याला येताहेत. “नाटक पण बघतील, मुलगी पण.” मुलगा बिजवर आहे, हे मला मोलकरणीकडून कळलं. आईला मी काही विचारलं नाही. सगळ्यांनी तो होकार धरला.

नाटक मी बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून, इतर बायकांबरोबर पाहिलं. देवीने तोंड उघडलं तेव्हा टाळ्या थांबेनात. तळहातावर काढलेला गोल मी मुठीत मिटून धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आमच्या ओटीवर बसले. मुलगा आलाच नव्हता, त्याचे वडील आले होते. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले, माझ्यामागे आई.

“डॉक्टर, तुमच्या चिरंजीवांनी काय देवी रचली आहे!” ते म्हणत होते. “नवऱ्याने सांगेपर्यंत तोंड उघडत नाही. अशी सून मिळाली तर आणखी काय हवं?”

वडील हसले. दादाही हसला. “सुचलं आपलं,” म्हणाला. क्षणभर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग कपात बघत बसला.

“काय गं मुली,” पाहुणे माझ्याकडे वळले, “आवडलं का नाटक? हवं तर इंग्रजीत सांग.”

आईची बोटं माझ्या पाठीत रुतली. नुसती मान हलवायची होती. तेवढ्यावर सगळं ठरणार होतं, आणि ते त्या ओटीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी ताट खाली ठेवलं आणि मराठीतच म्हणाले, “ती देवी मी केली आहे. तिला नवरा नाही.”