चाचीने सरळ विचारलं

नागपूरच्या दवाखान्यातून मला घरी आणलं तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि चांदूर बाजार गावाजवळ आमचा वांग्यांचा मळा होता. घरात माझ्या डोक्याच्या आजाराचं नाव कुणी काढत नसे. मरणाचा विषय तर नाहीच; विचारलं की तेच मनात भरेल, अशी सासूबाईंना धास्ती. जणू ते तिथे आधीच ठाण मांडून बसलं नव्हतं!

दोन महिने मी रडले, चिडले, भांडी आपटली. मग एका सकाळी एकदम शांत झाले. न्हाले, वेणी घातली, सगळ्यांशी गोड बोलले. सासूबाईंनी आनंदाने शिरा केला. बिचाऱ्यांना काय ठाऊक, मी मरायचं ठरवून टाकलं होतं, म्हणून शांत होते.

त्याच दुपारी मी वांग्याच्या बियाण्याचं गाडगं उचललं आणि शेजारच्या पिंजाऱ्याच्या बायकोला नेऊन दिलं. तिला मी चाची म्हणायची. परसात लावायला दर साली चिमूटभर बी ती माझ्याकडूनच नेई.

चाचीने गाडग्यात डोकावून पाहिलं. "सारंच बी मले कावून देऊन राहिली? तू काय पेरशीन?"

"ठेवा न चाची. मले आता नाई लागत."

तिने गाडगं खाली ठेवलं, माझा हात धरला. "जीव द्याचं मनात हाय का तुह्या? खरं सांग बाई. मी रागावत नाई."

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी "हो" म्हटलं आणि ढसाढसा रडले. बोलल्याने काही वाढलं नाही, उलट छाती हलकी झाली.

चाचीने मला एकटं सोडलं नाही. माझ्या मालकांना मळ्यातून बोलावून माझ्यासमोरच सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घेऊन पुन्हा नागपूरचा दवाखाना गाठला.

परत आल्यावर चाची रोज सकाळी दारात येऊन तेच विचारायची. मी "हाय" म्हटलं की दिवसभर आमच्याच ओसरीवर कापूस निवडत बसायची. मी कधी खेकसायची, "रोज काय तेच!" ती हलायची नाही. त्या बाईच्या चिवटपणामुळे मी आज आहे, तिचे उपकार कुठे फेडू?

एका सकाळी ती आली नाही. तापाने पडली होती. मी तिच्या उशाशी गेले आणि तिने तोंड उघडायच्या आत म्हटलं, "चाची, आज मनात काई नाई."

"खरं?"

"खरं."

तेव्हा कुठे ती डोळे मिटून निवांत झोपली.