कच्च्या कामाचा रकाना

आठवीच्या वर्गात मी एक नियम केला होता. गणिताच्या तासाला शंका विचारायची तर इंग्रजीतूनच. फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूने, चौकट आखून लिहूनही ठेवला होता. आज नातीला हे सांगितलं की ती म्हणते, "आजी, तू डेंजर होतीस." डेंजर कसली, मूर्ख होते. आणि वर ऐटीत होते.

झालं असं की कल्याणच्या आमच्या मराठी शाळेत त्या वर्षी सेमी-इंग्रजी सुरू झालं. बाकी विषय मराठीत, गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीतून. ज्या मुलांना मी सातवीपर्यंत मराठीत गणित शिकवलं, त्यांच्यासमोर आता पक्ष, साध्य, सिद्धता सोडून गिव्हन, टू प्रूव्ह, प्रूफ म्हणायचं होतं. कॉलेजात मी गणित इंग्रजीतून सोडवलं होतं, बोलले मात्र कधीच नव्हते.

म्हणून उद्याचा तास आदल्या संध्याकाळी पाठ करायचा. वर्तकनगरच्या घरी, कुकरच्या शिट्ट्या मोजत. आमचे हे, वर्ग म्हणून, समोर बसायचे. मी विचारायचे, "एनी डाउट्स?" हे हात वर करून म्हणायचे, "बाई, चहात साखर नाही."

"इन इंग्लिश," मी म्हणायचे. नियमाचा जन्म तिथलाच.

शाळेत पहिल्याच आठवड्यात एक मुलगी उभी राहिली. वडील बाजार समितीत फुलांचे व्यापारी, मुलगी गणितात वर्गाच्या दोन पावलं पुढे. दहावीनंतर सायन्सला जाणार हे तिने सातवीतच जाहीर केलेलं. म्हणाली, "बाई, ते लेट एक्स बी म्हणतात, त्यात लेट कशाला? एक्सला कोणाची परवानगी लागते?"

मला उत्तर माहीत नव्हतं. ते वाक्य मी जसंच्या तसं पाठ केलेलं. मी फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ती खाली बसली.

त्यानंतर दोन महिने वर्गात कोणी काही विचारलं नाही. मी मोठ्या बाईंना अभिमानाने सांगून आले, "सेमीच्या वर्गात एकही शंका उरलेली नाही." त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "एकही? आठवीच्या वर्गात?" मला वाटलं, कौतुक करतायत.

मग घटक चाचणी झाली. त्या मुलीला वीसपैकी चार. पेपर वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे वडील अर्ज घेऊन आले. "बाई, तिला झेपत नाही म्हणते. मराठी तुकडीत घाला. सायन्सचं नावसुद्धा काढत नाही आता." अर्जावर माझी शिफारस हवी होती. "सोमवारपर्यंत ठेवा माझ्याकडे," मी म्हटलं. मुलीच्या काळजीने नव्हे, शिफारशीचा मजकूर नीट सुचेना म्हणून.

शनिवारी तिची उत्तरपत्रिका पुन्हा काढली. समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे कोन समान असतात, हे सिद्ध करायचं होतं. मुख्य पानावर गिव्हन आणि टू प्रूव्ह, त्याखाली कोरं. आणि उजवीकडच्या कच्च्या कामाच्या रकान्यात, पेन्सिलीने, मुंगीच्या अक्षरात: रचना, शिरोकोनाचा दुभाजक, बाकोबा कसोटी, म्हणून कोन समान. अख्खी सिद्धता, एक पायरी न सोडता. मराठीत. कच्च्या कामाला गुण नसतात, तेव्हा मी तिकडे पाहिलंही नव्हतं. सिद्धता मुलीला झेपत होती. झेपत नव्हतं ते मला. मुलांचं इंग्रजी सुधारावं म्हणून नियम केला, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे पाठ केलेल्या वाक्यांच्या बाहेरचं कोणी विचारलं तर माझी फजिती होईल, ही भीती होती. चौकट मी स्वतःभोवती आखली होती.

सोमवारी वर्ग भरायच्या आधी तिला बोलावलं. अर्ज बाकावर ठेवला, शेजारी तिचा पेपर. तिच्यासमोर फळ्याचा कोपरा पुसला. पदराने, कारण डस्टर सापडेना.

"तो तुझा प्रश्न. लेट कशाला म्हणून विचारलं होतंस," मी म्हटलं. "मला माहीत नाही गं. मी पाठ करून येते. रोज."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात चप्पल उलटी घालून आलेय. मग रकान्यातल्या पेन्सिलीच्या ओळींकडे बघत राहिली.

"आपण 'समजा क्ष' म्हणतो ना बाई, तेच असेल," ती म्हणाली. "समजा म्हणताना तरी आपण कुठे कोणाला समजावत असतो?"

मी खडू तिच्या हातात दिला. तिने 'समजा' लिहून समोर 'लेट' लिहिलं. 'म्हणून'समोर काय, ते दोघींनी मिळून पुस्तकात शोधलं. घंटा होईपर्यंत अर्धा फळा भरला, आणि ती यादी वर्षभर आम्ही वाढवत नेली.

आज ती डोंबिवलीच्या एका कॉलेजात गणित शिकवते, ऐसपैस इंग्रजीतून, आणि शंका कुठल्याही भाषेत घेते.

त्या सोमवारी तिने तो अर्ज घडी करून कंपासपेटीत ठेवला. झाकण लावताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुम्हालाही येत नाही हे आधी सांगितलं असतंत, तर मी कधीचाच हात वर केला असता."