वरलानं डिझेल

घाटमाथ्यावरचं पहिलं वळण आलं की चाचा उजव्या पायातली चप्पल काढायचे, अनवाणी पाय ब्रेकवर ठेवायचे आणि किल्ली फिरवून जीपचं इंजिन बंद करायचे. मग आरशातून आम्हा सगळ्यांकडे एकदा बघून म्हणायचे, "आते वरलानं डिझेल."

वरला म्हणजे तो, वर बसलेला. मोलगीहून अक्कलकुव्याकडे येताना जेवढा उतार लागतो तेवढा चाचांच्या मते त्याने फुकट दिलेला होता. त्याचं फुकट मिळत असताना आपलं विकतचं जाळायचं कशाला?

तुम्हीही असे ड्रायव्हर पाहिले असतील. डोंगरातल्या रस्त्यांवर ते असतातच. पण बंद गाडी चाचांसारखी हलक्या पायाने उतरवणारा मी दुसरा पाहिला नाही. मागच्या बाकावर कुणा बाईच्या मांडीवर पोर झोपलेलं असलं, तर ते खाली सपाटीवर येईपर्यंत जागं होत नसे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माहेर कळसाडीचं, सासर खापरचं आणि शाळा मोलगीच्या पुढे एका पाड्यावर. सकाळी खापरहून चाचांच्या जीपने वर जायचं, संध्याकाळी त्याच जीपने खाली यायचं, असं बारा वर्षं चाललं. आम्ही चौघं शिक्षक त्यांचे महिन्याचे गिऱ्हाईक, बाकी बाजाराला आणि दवाखान्याला जाणारी डोंगरातली माणसं. नवऱ्याशी जेवढी बोलले नसेन तेवढी या बारा वर्षांत मी चाचांशी भांडले. मी फटकळ आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

चाचा खापरचेच. अंगाने काटकुळे, मेंदीने लाल केलेली दाढी, शर्टाच्या खिशात एक चुरगळलेली हिशेबाची वही. आमच्याशी अहिराणी बोलायचे, घरी हिंदी आणि डोंगरातल्या बायकांशी त्यांच्या पावरीत. तीन भाषांमध्ये त्यांचा विषय मात्र एकच असायचा. आजचा भाव.

सकाळी जीपमध्ये पाय ठेवला की नमस्कार-चमत्कार नाही. "मॅडम, आज परत वाढनं," एवढंच. घरात कुणी आजारी असल्यावर ताप किती आहे ते सांगावं, तशा आवाजात. भाव उतरला तर तो किती पैशांनी उतरला तेही सांगायचे, पण तसं फार वेळा झालं नाही.

चाचा डिझेल महाराष्ट्रात भरायचेच नाहीत. आमच्या खापरहून गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. तिकडे कर कमी, म्हणून भाव कमी. जिल्ह्यातले निम्मे ड्रायव्हर तिकडेच जातात आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. एकदा त्यांच्याच जीपने आम्ही चौघं पलीकडे एका लग्नाला निघालो होतो. पंपावर त्यांनी आम्हाला खाली उतरवलं आणि जीप दोन्ही बाजूंनी धरून हलवायला लावली.

"टाकीमा हवा ऱ्हास मॅडम. हवाना पैसा कसाले देऊ?"

मी पैठणी नेसून जीप हलवत होते. आमचे पाटील सर दुसऱ्या बाजूने सफारीची बाही सावरत धक्के मारत होते. पंपावरचा माणूस हसून हसून बेजार झाला. चाचा मात्र टाकीच्या तोंडाला कान लावून उभे होते. शेवटचा फेस बसेपर्यंत त्यांनी नळी बाहेर काढू दिली नाही.

इंजिन बंद झालं की घाटात एकदम शांत व्हायचं. सकाळी वर जाताना त्या घरघरीत शेजारच्याचंही ऐकू येत नसे. उतरताना मात्र सगळं ऐकू यायचं. टोपलीतल्या कोंबड्या, पाचोळ्यावरून पळणारा सरडा, मागे कुणीतरी गुणगुणत असलेलं. चाचांना प्रश्न सुचायचे ते याच वेळी.

"मॅडम, तुम्हीन शिकेल शेतस. हाऊ भाव कसाले वाढस, ते सांगा माले."

मी भूगोल शिकवते. मला काय, आयताच वर्ग मिळाला. मी त्यांच्याच वहीत नकाशा काढला. हा समुद्र, हे आखात, इथे जमिनीतून कच्चं तेल निघतं. आपल्याकडे फार थोडं निघतं, म्हणून बाहेरून घ्यावं लागतं, तेही डॉलर देऊन. तिकडे लढाई पेटली की तेल महाग, आपला रुपया घसरला तरी महाग. मग त्यावर दिल्लीचा कर, त्यावर मुंबईचा कर, त्यावर टँकरचं भाडं. चाचा एका डोळ्याने रस्ता आणि एका डोळ्याने वही बघत होते. मी ओरडले, "चाचा, पुढे बघा!"

"देखी ऱ्हायनू ना. म्हंजे तठे लढाई व्हस आनी आठे मन्हा खिसा फाटस. हाऊ कसा भूगोल शे, मॅडम?"

पुढे एकदा त्यांनीच मला एक गोष्ट शिकवली. म्हणाले, "निवडणूक उनी का भाव झोपी जास, नि मत पडनात का जागा व्हस. हाई तुमना नकाशामा कोठे शे?" मी म्हटलं, ते नागरिकशास्त्रात येतं. त्यावर ते इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले.

तो नकाशा त्यांनी फाडून समोरच्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवला होता. जीपमध्ये नवा माणूस बसला की त्याला ते समजावून सांगायचे. दिल्ली कुठे, आखात कुठे, आपण कुठे. आणि शेवटी माझ्याकडे अंगठा करून, "मॅडमनी काढेल शे."

आता भाड्याचं सांगते.

भाव वाढला की चाचा भाडं वाढवायचं काढायचे, आणि ते काढलं की मी उभी राहायचे. चौघांच्या वतीने बोलायचं काम माझ्याकडे होतं. कसं आलं कोण जाणे, बहुतेक माझ्या आवाजामुळे. "आमचा पगार रोज वाढतो का चाचा? वर्षातून एकदा वाढतो तेव्हा बोला." पाटील सर खिडकीतून बाहेर बघत बसायचे आणि खाली उतरल्यावर मला म्हणायचे, "बरं झालं, तुम्ही बोललात." चाचा दोन दिवस कुरकुर करायचे आणि मग गप्प. त्या रस्त्यावर आणखी एक जीप होती आणि तिचा ड्रायव्हर आमच्याकडे डोळा लावून बसलेला होता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही चौघं गेलो असतो तर त्यांचा महिना कोलमडला असता. मला याची लाज वाटायला हवी होती. तेव्हा मजा वाटायची. जिंकल्यासारखं वाटायचं.

जुनी जीप म्हातारी झाली. तिची कागदपत्रं पुढे सरकेनात, तेव्हा चाचांनी ती भंगारात दिली आणि दुसऱ्याने वापरलेली, पण बरीच नवी गाडी घेतली. गाडी ऐटबाज होती, बाक मऊ होते. नकाशा जुन्या काचेवरून काढून नव्या काचेवर लावलेला होता. आम्ही पेढे मागितले, चाचांनी जिलेबी आणली.

संध्याकाळी घाटमाथा आला. चप्पल निघाली नाही, किल्ली फिरली नाही. गाडी घरघरतच खाली उतरली.

"काय चाचा, वरचा रुसला का?" मी विचारलं.

चाचांनी आम्हा सगळ्यांना नीट सांगितलं होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. अक्कलकुव्याच्या मिस्त्रीने त्यांना बजावलं होतं. जुन्या जीपचा ब्रेक नुसत्या पायाच्या जोरावर लागायचा. या गाडीच्या ब्रेकला इंजिनाचा जोर लागतो. इंजिन बंद केलं तर दोन-तीनदा लागेल, पुढे पेडल दगड होईल. "हाई गाडी उतारवर बंद करता येत नही, मॅडम," चाचा म्हणाले. मी ऐकलं. पाटील सरांनीही ऐकलं.

म्हणजे आता उतारही विकतचा झाला. त्यात ते तीन महिने भावाने नुसता पिच्छा पुरवला. सकाळी चाचा भाव सांगेनासे झाले. नुसते बोट वर करायचे. खिशातली वही सारखी बाहेर यायला लागली. आणि एका संध्याकाळी, मोलगीत गाडी भरलेली असताना, त्यांनी विषय काढला. रोजचे दहा रुपये वाढवा, नाहीतर जमत नाही.

मला त्या दिवशी शाळेत साहेबांची बोलणी खावी लागली होती, डोकं ठणकत होतं. पण ही कारणं मी आज शोधते आहे. तेव्हा मला एवढंच वाटलं, की हा मिस्त्रीचा बहाणा आहे, भाडं वाढवायला रचलेला. मी म्हटलं, "बारा वर्षं उतारावर बंद करत आलात, तेव्हा काही झालं नाही. नवी गाडी घेतली तर लगेच नियम आले? तिचे हप्ते काय आम्ही भरायचे? बंद करा की आधीसारखी! नाहीतर आम्ही दुसरी जीप बघतो."

गाडीतली माणसं हसली. काही बायकांना मराठी कळत नव्हतं, पण माझा आवाज ऐकून त्याही हसल्या. चाचांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. विद्यार्थ्याने फळ्याकडे बघावं तसं. "बरं मॅडम," ते म्हणाले. त्या दिवशी गाडी घरघरतच उतरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाटमाथा आला. चाचांनी उजव्या पायातली चप्पल काढली, पाय ब्रेकवर ठेवला आणि किल्ली फिरवली. आरशात बघून हसले.

"आज मॅडमनं डिझेल."

सगळे हसले. मी पण हसले. खरं सांगते, मला बरं वाटलं. आपलं ऐकलं म्हणून.

पहिलं वळण नीट गेलं. दुसरंही गेलं. ती जुनी शांतता परत आली होती, कोंबड्यांचं बारीक कुरकुरणं ऐकू येत होतं. तिसऱ्या वळणाआधी चाचा सीटवरून अर्धे उठले. मला वाटलं, खाली काही पडलंय म्हणून बघताहेत. ते दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे होते. एक हात किल्लीशी झटत होता, पण गाडीने तेवढ्यात वेग घेतला होता. "धरा!" असं एकदाच ओरडले.

उतरताना दरी आमच्या डाव्या हाताला होती आणि डोंगर उजव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. चाचांनी चाक उजवीकडे फिरवलं. कातळाला गाडीची तीच बाजू लागली, जिथे ते बसले होते.

आम्ही चौदा माणसं होतो. माझं मनगट मोडलं, पाटील सरांच्या कपाळाला टाके पडले, कुणाचा खांदा, कुणाचे दात. एका बाईच्या मांडीवरचं पोर रडत होतं, म्हणजे ठीक होतं. चाचांना काढायला पाऊण तास लागला. पहारी घेऊन पाड्यावरचे लोक धावत आले होते. नंदुरबारला नेताना वाटेतच ते गेले. तोवर शुद्धीवर होते म्हणतात. बरोबरच्या माणसाला त्यांनी इतकंच विचारलं, की खाली कुणी पडलं का.

पेपरात चार ओळी आल्या. डिझेल वाचवण्याच्या नादात चालकाने प्रवाशांचा जीव धोक्यात घातला, असं त्यात होतं. चौकात, बँकेत, आमच्या शिक्षकांच्या खोलीत सगळे तेच म्हणत होते. त्याला सवयच होती, एक दिवस हे व्हायचंच होतं. दवाखान्यात जबाब घ्यायला आलेल्या पोलिसाने मला विचारलं, "काय झालं, मॅडम?" मी म्हटलं, "ब्रेक लागला नाही." त्याने लिहून घेतलं. पाटील सर शेजारच्या खाटेवर होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कूस बदलली. गाडीतल्या बाकीच्यांना कुणी काही विचारलंच नाही.

आता आम्ही दुसऱ्या जीपने जातो. तिच्या ड्रायव्हरने पहिल्याच आठवड्यात दहा रुपये वाढवले. कुणी हूं की चूं केलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर मी चाचींना भेटायला गेले. तोवर धीर झाला नव्हता. दोन खोल्यांचं घर, दारात बकरी बांधलेली. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसल्या. पोलिसांनी दिलेली पिशवी कोपऱ्यात होती, तिच्यातून वहीचं टोक दिसत होतं. भिंतीवर, आरशाच्या कडेला खोचलेला, माझा नकाशा होता. एक कोपरा तपकिरी झाला होता.

चाचींनी चहा दिला. मग एकदम माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मॅडम, तुम तो गाडी में थे. वो तो मेरे को खुद बोले थे, ये गाडी उतार पे बंद नहीं करने की. मिस्त्री ने मना करा है. फिर क्यूं बंद करी?"

बकरी ओरडली. कप माझ्या हातात होता. मोडलेला डावा हात अजून नीट उचलवत नव्हता, म्हणून कप मी मांडीवर टेकवला.

"काय माहीत, चाची," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पदराने नाक पुसलं. मग भिंतीवरच्या नकाशाकडे बघत म्हणाल्या, "तुमकू बहोत मानते थे. बोलते थे, मॅडम हर बात बराबर समझा के बताते."

मी चहा संपवला आणि उठले.