धुतलेली अंडी

इंदूरच्या लोकांना अंडी खायला लावणं ही माझी सरकारी नोकरी होती, असं सांगितलं की नातेवाईक अजून हसतात. हसू देत. ज्या शहराची सकाळ पोहे-जिलेबीने होते, तिथे असलं काम कुणी मागून घेत नाही. मलाही ते न मागताच मिळालं. आमच्या स्वतःच्या घरी अंड्याची कढई गॅलरीत असते, सासूबाईंच्या हुकमाने, आणि भुर्जी करायची तर शेगडीही तिकडेच न्यावी लागते.

योजना कागदावर छान होती. एका बाजूला संशोधन. उन्हाळा सोसणारी, परसात चरून अंडी देणारी कोंबडी आमच्या संशोधन केंद्रात तयार झाली होती आणि तिची पिल्लं गावातल्या बायकांना मिळत होती. दुसऱ्या बाजूला बाजारपेठ, म्हणजे मेळावे, पोस्टर, ऍप्रन, टोप्या. मी या दुसऱ्या बाजूला होते. जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेल्या बाईने टोप्यांचे गठ्ठे सोडत बसायचं, याचा मला राग यायचा. तो राग मी कामात लक्ष न घालून काढायचे, हेही सांगून टाकते.

हातोदच्या पुढे एका गावात पिल्लं घेणाऱ्या बायकांच्या गटाच्या प्रमुख एक काकू होत्या. मराठी घर, पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, त्यांना मिळालेल्या जमिनीवर हे लोक अजून राहतात. पहिल्या भेटीत मी मराठी बोलले तेव्हा काकूंनी माझा हात धरून घरात नेलं. "मॅडमजी, तुम्ही तर आपल्याच निघाल्या," म्हणाल्या आणि नंतर मॅडमजी सुटून ताई झालं.

त्यांनी चाळीस पिल्लं घेतली आणि चाळीसच्या चाळीस वाढवली. असं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. म्हशी विकल्यापासून मोकळ्या पडलेल्या शेडमध्ये त्यांनी कोंबड्या ठेवल्या, लस टोचायला शिकल्या, मग शेजारणींच्याही कोंबड्यांना टोचू लागल्या. गावात त्यांना मुर्गीवाली डॉक्टरनी म्हणायचे. त्या हे मला दर वेळी सांगायच्या, आणि दर वेळी पदर सारखा करायच्या. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा कुणाची तरी आई किंवा सून याखेरीज काही म्हटलं जात होतं.

अडचण शेडची होती. लसूण निघाला की तो वाळवायला हवेशीर जागा लागते आणि मुलाला ती शेड हवी होती. मुलगा काही वाईट नव्हता. त्याने आईला सांगितलं होतं की मेळाव्यात अंड्यांना पक्कं गिऱ्हाईक मिळालं तर कोंबड्या राहतील, नाही तर विकायच्या. काकूंनी ते मान्य केलं होतं. मी गिऱ्हाईक आणते म्हणून शब्द दिला आणि आणलंही. राऊच्या एका कॉलेजच्या होस्टेलचे मेस मॅनेजर सहा ट्रे घेऊन बघायला तयार झाले. पसंत पडलं तर दर आठवड्याला घेणार होते.

मेळाव्याच्या आधी मी गटाची बैठक घेतली आणि माझ्या पोरकट शहाणपणाने म्हणाले, "इंदूरचे लोक आधी सफाई बघतात. अंड्याला जरा जरी घाण दिसली तरी हात लावणार नाहीत. चकाचक आणा." बस्स, एवढंच. त्या दिवशी मला दुसऱ्या गावात पोस्टर पोचवायचे होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राऊच्या मैदानावर, मेळाव्याला, काकू सहा ट्रे घेऊन आल्या. अंडी चमकत होती. काकूंनी दहा दिवस रोजची अंडी रोज हौदाच्या पाण्यात, भांड्यांची पावडर लावून घासणीने धुतली होती आणि जुन्या सुती साडीवर वाळवली होती. हे त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी त्यांची पाठ थोपटली. फोटो काढले. साहेबांना पाठवले, साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर टाकले, आणि ग्रुपवरच्या आम्हा एवढ्या पदवीधरांपैकी एकालाही काही खटकलं नाही.

अंड्याच्या कवचावर एक पातळ थर असतो. धुतलं की तो जातो, बारीक छिद्रं उघडी पडतात आणि पाण्यातली घाण आत शिरते. मळकं अंडं कोरड्या फडक्याने पुसायचं असतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे मला मार्कही मिळाले होते.

सहाही ट्रे मेस मॅनेजरांनी नेले आणि चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. सकाळी भुर्जीसाठी मोठ्या पातेल्यात अंडी फोडत असताना एक नासकं निघालं, मग दुसरं, आणि अख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं. "मॅडम, अब लड़के अंडे का नाम नहीं ले रहे," ते म्हणाले. रागावलेही नाहीत. रागावले असते तर मला काही बोलता आलं असतं.

मी काकूंना लगेच खरं सांगायला हवं होतं. फोनवर म्हणाले, "थोडा प्रॉब्लेम झालाय, मी येऊन बोलते." मग साहेबांकडे गेले. दुसरं गिऱ्हाईक शोधायला एक महिना मिळेल का, विचारलं. साहेब भले माणूस. चहा मागवला. "प्रचाराचा कार्यक्रम मेळाव्याबरोबर संपला ना, अब आपल्या हातात काही नाही. कोंबडीचा विषय संशोधनवाल्यांचा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो." संशोधनवाल्यांना फोन केला, ते म्हणाले, कोंबडी तर उत्तम अंडी देतेय. खरंच देत होती. कोंबडी त्यांच्या फायलीत होती, गिऱ्हाईक आमच्या फायलीत होतं, आणि अंडं मधल्या मधे कुणाचंच नव्हतं.

गाडी मिळायला तीन दिवस गेले, तोवर होस्टेलमध्ये अंडी नासकी निघाल्याची बातमी माझ्या आधीच गावात पोचली होती. मी पोचले तेव्हा महूच्या व्यापाऱ्याची जीप शेडसमोर उभी होती आणि रिकामे पिंजरे खाली उतरवलेले होते. ओट्यावर लसणाच्या जुड्या रचून ठेवल्या होत्या.

"काकू, दोष कोंबड्यांचा नाही आणि तुमचाही नाही," मी म्हणाले. "अंडी धुवायची नसतात. मी चुकीचं सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्यांना हे खरं वाटत नाहीये. मी त्यांची समजूत घालतेय असं त्यांना वाटत होतं. "तुम्ही साफ आणायला सांगितलं ते बरोबरच होतं ना, ताई. गंदी कशी आणणार? माझंच काही तरी चुकलं असेल. मुर्ग्यांना दाणा कमी पडला असेल." मी पुन्हा सांगितलं, थराचं, छिद्रांचं. त्या मान हलवत राहिल्या. जितकं जास्त समजावलं तितकी त्यांना माझीच दया येऊ लागली.

मुलगा बाहेर आला. "ताई, माझी काही जिद्द नाहीये. तुम्ही फक्त लिखकर द्या की अंडी विकली जातील. मी लसूण बाहेर ठेवतो, तिरपाल टाकून. आत्ता व्यापाऱ्याला वापस पाठवतो."

माझ्या पिशवीत पेन होतं, कार्यालयाचं पॅड होतं. दिवसभर लिहिण्याचाच पगार घेणारी मी. पण कुणाच्या भरवशावर लिहिणार होते? म्हटलं, "तसं लिहून देता येत नाही." तो "बरं" म्हणाला. त्यात टोमणाही नव्हता.

व्यापाऱ्याचा माणूस शेडमध्ये शिरला तशा कोंबड्या पत्र्यापर्यंत उडायला लागल्या, एकही हाती लागेना. काकूंनी त्याला बाहेर यायला सांगितलं. त्या स्वतः आत गेल्या, खाली बसल्या आणि नेहमीसारखी जिभेने टकटक केली. कोंबड्या त्यांच्याभोवती जमल्या. त्या एकेक उचलून दारातून देत गेल्या, आणि मी पिंजऱ्याचं झाकण धरून उभी राहिले.