उशीवरचा खळगा

गल्लीतले सगळे त्याला पेंटर म्हणत. चित्रकार म्हणणारी माणसं दूरच्या शहरांत राहत आणि क्वचितच इकडे फिरकत. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईंनी एकदा त्याला अडवून विचारलं, आमच्या फाटकाचा रंग उडालाय, कधी येता? तर हा पठ्ठ्या खरंच गेला. जुना रंग खरवडून, घासूनपुसून त्याने फाटक असं काही रंगवून दिलं की बाई आठवडाभर ते उघडायला कचरत होत्या. पुढे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की या माणसाचं चित्र राजधानीच्या संग्रहालयात लागलंय. बाई ओशाळून माफी मागायला आल्या. पेंटर म्हणाला, माफी कसली त्यात, फाटक चांगलं झालं होतं.

हा किस्सा गल्लीत सगळ्यांनी हसून सांगितला. त्याच्या बायकोने मात्र नुसता ऐकला. संग्रहालयातल्या त्या चित्राचं नाव निघालं की ती हातातलं काम उचलून आत जायची.

ती सरकारी इस्पितळात नर्स होती. तिचं लग्न झालं तेव्हा तिला वाटलं होतं, चित्रकार म्हणजे उशिरा उठणारा, केस वाढवणारा, लहरी माणूस असणार. निघाला भलताच. पेंटर घड्याळासारखा होता. उजाडायच्या आत उठायचा, स्वतःचा चहा स्वतः करायचा आणि कप घेऊन उत्तरेकडच्या खोलीत जायचा. घर घेताना त्याने स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं, नळाला पाणी येतं का विचारलं नव्हतं. त्या खोलीची खिडकी तेवढी पाहिली होती. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, तो मधेच रंग बदलून दगा देत नाही, असं त्याचं म्हणणं. खोलीत गेल्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं कालचं चित्र तो फिरवायचा आणि स्टुलावर बसून नुसता बघत राहायचा. त्या वेळात कोणी हाक मारायची नाही, मारली तरी ओ यायची नाही. चहा निवून जायचा. मग एकाएकी उठून सुरी घ्यायचा आणि कालचं निम्मंअर्धं काम खरवडून टाकायचा.

नव्या नवलाईत ती हे दारातून बघायची, आणि तिचा जीव तुटायचा. एकदा न राहवून म्हणाली, अहो, काल किती छान झालं होतं.

"छान झालं होतं म्हणूनच," तो म्हणाला. "छान दिसायला लागलं की मी बघायचं सोडून देतो."

दुपारी तो शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. संध्याकाळी फ्रेमवाल्याच्या दुकानात जाऊन बसायचा. फ्रेमवाला त्याचा बालमित्र, जिभेने तिखट. गिऱ्हाइकांना सांगायचा, "माझी चौकट चारी बाजूंनी सरळ असते. वाकडं काही दिसलं तर ते आतलं, ते याचं." पेंटर हसायचा. घरी येऊन ब्रश साबणाने तळहातावर घोळवून धुवायचा, अगदी बाळाचे केस धुवावेत तसे, आणि जेवून झोपायचा. तिला या सगळ्याची सवय झाली, मग ते आवडायलाही लागलं. इस्पितळात सगळं अंगावर धावून यायचं. घरात एक माणूस तरी शांतपणे एका जागी बसलेला असायचा.

मग त्यांना मुलगी झाली. नाव चांगलं ठेवलं होतं, पण सगळे ठकी म्हणत. वडील काम करत असताना त्या खोलीत जायची मुभा एवढ्या घरात फक्त तिला होती.

ठकीला सहावं लागलं आणि ताप यायला लागला. यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर काय ते नीट सांगेनात, पण आईला सांगावं लागलंच नाही. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांच्या आयांना धीर दिला होता, डॉक्टर कागदावरून नजर का उचलत नाहीत हे तिला चांगलं ठाऊक होतं. घरी न्या, हवेशीर खोलीत ठेवा, असं सांगण्यात आलं. हवेशीर खोली घरात एकच होती. पेंटरने आपले रंग, तेलं, टर्पेंटाइन सगळं मागच्या पडवीत हलवलं, वासाने पोरीला त्रास नको म्हणून, आणि ठकीचा पलंग उत्तरेच्या खिडकीखाली लावला.

त्या दिवसांत त्याने फक्त पेन्सिल वापरली. ठकी फर्मान सोडायची. चष्मा घातलेली म्हैस काढा. आता तिला शाळेत पाठवा. आता तिला शाळेतून हाकलून द्या. तो निमूटपणे काढायचा. आई ड्यूटीवरून आली की पलंगाला खुर्ची लावून बसायची, आणि पुन्हा ड्यूटीची वेळ होईपर्यंत उठायची नाही.

एका सकाळी, खिडकीत उजेड पुरता भरल्यावर, ठकी गेली. तिने त्रास दिला नाही, कोणाला हाक मारली नाही.

लेकीला पोचवून दोघं परत आली. माणसं पांगली. आई सरळ उत्तरेच्या खोलीत गेली आणि चादरीचं टोक उचललं. तिचं डोकं चालत नव्हतं, हात चालत होते. इस्पितळात माणूस गेला की पलंग लगेच मोकळा करायचा असतो, दाराशी दुसरा थांबलेला असतो. एवढ्यात पेंटर मागून आला.

"राहू दे," तो म्हणाला. "हात लावू नकोस."

तिने टोक सोडलं. तिला वाटलं, याला सोसवत नाहीये. आपल्याला सोसवत नाही तसंच. ती स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसली, आणि त्या सबंध दिवसात पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण एकट्या नाही.

दुसऱ्या दिवशी तिला टर्पेंटाइनचा वास आला. दाराशी जाऊन पाहिलं तर पलंगाच्या पायथ्याशी ईझल उभं होतं आणि पेंटर पांढरा रंग मिसळत होता. पांढऱ्यात किंचित निळा, पांढऱ्यात किंचित पिवळा. चादर तशीच चुरगळलेली होती. उशीवर ठकीच्या डोक्याचा खळगा तसाच होता. तो त्या खळग्याची सावली रंगवत होता.

ती दारातूनच मागे फिरली. तो चित्र करत राहिला, कोणाला त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही, आणि झाल्यावर बाहेर येऊन म्हणाला की आता चादर काढलीस तरी चालेल. तिने चादर काढली, अभ्रा काढला, धुतला. उशी उन्हात टाकून काठीने झोडपून सपाट केली. मग त्याच्यासमोर उभी राहिली.

"माझी लेक गेली," ती म्हणाली, "आणि तुम्हाला उशी दिसली."

त्या दिवसापासून तिने उत्तरेच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

त्या चित्राचं पुढे जे झालं ते स्वप्नवत होतं. फ्रेमवाल्याने डोळे पुसत फ्रेम केली आणि पेंटरला न विचारता ते मोठ्या प्रदर्शनाला पाठवून दिलं. पहिलं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रांत छापून आलं. संग्रहालयाने विकत घेतलं. राजधानीतली एक गॅलरीवाली गाडी करून आली, पायऱ्या चढून धापा टाकत बसली आणि म्हणाली, अशीच आणखी करा, रिकामे पलंग, रिकाम्या खुर्च्या, मी तुमचं सोनं करते. पेंटरने तिला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. ती पुन्हा पुन्हा येत राहिली. एकदा तिने चिडून विचारलं, तुम्हाला यश नकोय का?

"यश चित्राला मिळालं," तो म्हणाला. "ते राजधानीत आहे. मी दुसऱ्या दिवशी उठलो तेव्हा कॅनव्हास कोराच होता."

बायकोने हे स्वयंपाकघरातून ऐकलं. तिला वाटलं, बोलायला काय जातंय.

पण तो खरंच तसा वागला. तेच उजाडायच्या आत उठणं, तेच बघत बसणं, तेच खरवडणं. पाण्याचा तांब्या, स्टूल, दोरीवरचा ओला टॉवेल, पावाचा तुकडा. पलंग पुन्हा कधी काढला नाही. ही चित्रं फारशी कोणी घेतली नाहीत. एकाच चित्राचा माणूस, असं लोक म्हणायला लागले. नंतर तेही म्हणेनासे झाले. शाळेतली पोरं मोठी होऊन आपली पोरं त्याच शाळेत घालू लागली. घरात भांडण नव्हतं. ती त्याचं जेवण झाकून ठेवायची, खोकला झाला तर काढा द्यायची. तिला उशीर झाला तर तो इस्पितळाच्या फाटकाशी छत्री घेऊन उभा असायचा. संसार मोडला नाही, त्यातला आवाज तेवढा गेला.

ती निवृत्त झाली. त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपाचा आवाज व्हायला लागला, मग सही वेडीवाकडी येऊ लागली, मग ब्रश. तरीही तो रोज त्या खोलीत जाऊन बसायचा.

अशात गॅलरीवाली पुन्हा आली, आता तीही काठी टेकत. गावातल्या मोठ्या हॉलमध्ये त्याच्या सगळ्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं तिने मनावर घेतलं होतं. संग्रहालय ते चित्रही थोड्या दिवसांसाठी देणार होतं. उद्घाटनाच्या दिवशी पेंटरने धुतलेला शर्ट घातला, बुटाची नाडी बांधायला पायरीवर बसला आणि बसूनच राहिला.

"मी नाही येत," तो म्हणाला. "तू जा. एकदा बघून ये."

ती फ्रेमवाल्याबरोबर गेली. का गेली हे तिला नीट सांगता आलं नसतं. एवढ्या वर्षांचा राग कशावर आहे ते एकदा समोर बघावं, असं वाटलं असेल. भाषणं झाली, ती कानाआड गेली. मग ती चित्रापुढे उभी राहिली.

तिच्या आठवणीतल्यापेक्षा ते लहान होतं. खिडकीचा उजेड, चुरगळलेली चादर, उशी. खळगा उशीच्या मधोमध नव्हता, एका कडेला होता. ठकी कडेला सरकून, खुर्चीकडे तोंड करून झोपायची. आईकडे तोंड करून. हे ती साफ विसरली होती. केवढं होतं ते डोकं, तळहातात कसं मावायचं, हे आठवायचा तिने किती वर्षं प्रयत्न केला होता, आणि दर वर्षी ते थोडं थोडं निसटत गेलं होतं. काठीने झोडपून तिनेच तो खळगा सपाट केला होता. इथे तो तसाच होता. तिचा हात आपोआप वर गेला. पहारेकरी हळूच म्हणाला, "आई, हात नका लावू." तिने हात खाली घेतला. फ्रेमवाल्याने तिला बाकावर बसवलं आणि पाणी आणून दिलं.

घरी आली तेव्हा पेंटर अजून पायरीवरच होता, एका बुटाची नाडी सुटलेली. ती शेजारी बसली.

"माझ्याकडे तोंड करून झोपायची," ती म्हणाली.

"हो."

मग तो बोलायला लागला, तिच्याकडे न बघता. "तुला एक सांगायचं राहिलंय. ते चित्र करताना मला बरं वाटत होतं. हात असा चालत होता, जसा आयुष्यात कधी चालला नव्हता. मधेमधे मी विसरायचो की ठकी गेलीय. पार विसरायचो. सावली जमली की आनंद व्हायचा. मग लोक टाळ्या वाजवायला लागले. परत तसं काढायला बसलो, आणि परत तसाच आनंद झाला तर? त्याची मला भीती वाटायची."

तिला त्याच क्षणी त्याचा संताप आला आणि त्याची दयाही आली. तिने खाली वाकून त्याच्या दुसऱ्या बुटाची नाडी सोडली, दोन्ही बूट काढले आणि म्हणाली, उठा, गार पडलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा तिने केला आणि दोन कप घेऊन उत्तरेच्या खोलीत गेली. त्याने स्टूल थोडं बाजूला घेतलं. त्याने ब्रश उचलला, हात लटपटला. तिने आजाऱ्याची नाडी बघतात तसं त्याचं मनगट खालून धरलं. रेघ बऱ्यापैकी सरळ आली. तो सबंध हिवाळा त्यांनी असं एक चित्र केलं, खिडकीतल्या काचेच्या पेल्याचं. चित्र वाईट होतं, आणि ते दोघांनाही कळत होतं. तो सांगायचा तेवढं ती सुरीने खरवडायची.

हिवाळा सरता सरता तो गेला, तिच्याच इस्पितळात, तिने हाताखाली तयार केलेल्या नर्सच्या देखरेखीत. गॅलरीवालीने चित्रं नेली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात पलंगाच्या चित्राचा उल्लेख होता, बाकी कशाचा नव्हता.

फ्रेमवाल्याने आता दुकान बंद केलंय. नजर साथ देत नाही. सकाळी काठी टेकत येतो, तिच्याकडे चहा पितो, बाजारभावावर बोलतो, गुडघ्यांवर बोलतो. एकदा बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "वहिनी, विचारू का? त्याला माफ केलंत तुम्ही?"

तिने कप खाली ठेवला.

"करत होते, भावोजी," ती म्हणाली. "रोज थोडं थोडं. पुरं व्हायच्या आत गेले."

फ्रेमवाल्याने मान हलवली. मग साखर कमी पडलीय का ते तिने विचारलं, आणि त्याने नाही म्हणून सांगितलं.