मालकांच्या पोटरीतला गोळा

आमच्या घरमालकांचा भात मी बंद केला. ज्यांच्या शेतात भात पिकतो, ज्यांच्या घरात न्याहारीलाही रात्रीचा भात फोडणी देऊन खातात, अशा माणसाला, तेही मुळशी तालुक्यात, आणि तेही नवा इंद्रायणी तांदूळ गिरणीतून घरी आला त्याच आठवड्यात, मी सांगितलं, "मालक, भात सोडा." मी मूळचा परभणीकडचा, ज्वारीवर वाढलेला. हिंजवडीत संगणकापुढे बसून पोट भरतो. भातातलं मला एवढंच कळतं की तो पांढरा असतो. पण सल्ला द्यायचा तर त्यातलं काही कळावं लागतं, हे तोवर माझ्या कानावर आलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर "बघू" म्हणून जेवायला बसला असता. पण आमच्या मालकांसारखा, कुठलीही गोष्ट अर्धी न करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तिथल्या चांदे गावात रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकून त्यांनी तीन मजली इमारत बांधली, तळाशी स्वतः राहिले आणि वर आम्ही भाडेकरू. एकदा मी सहज म्हणालो, नळाला पाणी जरा बारीक येतं. संध्याकाळी कामावरून आलो तर त्यांनी असली मोटर बसवली होती, की तोटी उघडताच बादली न्हाणीघराच्या पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. कंपनीच्या गाडीवाल्याने भल्या सकाळी हॉर्न वाजवला अशी तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी मालक गाडीपुढे आडवे उभे. ड्रायव्हरला खाली उतरवून चहा पाजला आणि म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गाभण म्हशी यांच्यावर हॉर्नचा काय परिणाम होतो ते सविस्तर सांगितलं. मला ऑफिसात पोचायला उशीर झाला. काकू, म्हणजे मालकीणबाई, मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, ह्यांच्याकडं काय मागायचं ते इचार करून मागत जा. चिमूटभर मीठ मागितलं तर समुद्र घिऊन येतील."

भात सोडायला कारणही तसंच होतं. गावच्या देवाच्या यात्रेत उंच, रंगीबेरंगी वस्त्रं गुंडाळलेली वेळूची काठी घरापासून देवळापर्यंत न्यायचा मान मालकांच्या घराचा. कमरेला चामड्याचा पट्टा बांधायचा, पट्ट्याला पुढे वाटीसारखा खळगा, त्यात काठीचं बूड टेकवायचं आणि ढोलाच्या तालावर नाचवत न्यायची. वाटेत काठी जमिनीला टेकली किंवा दुसऱ्या कुणी तिला हात लावला की पुढच्या वर्षापासून मान दुसऱ्या घराकडे, म्हणजे शेजारच्या चुलतभावाकडे. जमिनीच्या बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं, फक्त टोमणे चालू होते. शेती कमी झाली, बसणं वाढलं आणि गेल्या यात्रेत पट्टा मालकांच्या पोटाखाली दिसेनासा झाला. काठी कशीबशी देवळात पोचली. तेव्हा चुलतभाऊ सगळ्या गावासमोर म्हणाले होते, "दादा, पुढच्या साली काठी घरीच ठिवा. पोटाचीच मिरवणूक काढू. ढोल आमी लावतो!"

हे मालकांच्या जिव्हारी लागलं होतं, आणि ते नेमके माझ्यापाशी बोलले. मी मोबाइलवर एक लेख निम्मा वाचलेला होता. भात, भाकरी, बटाटा, साखर बंद. अंडी, पनीर, मटण, पालेभाजी चालू. "आणि मीठही कमी करा," मी ओघात म्हणालो, "अंगात पाणी धरून ठेवतं ते." मालकांनी कमी केलं नाही, बंद केलं. पाणी कशाने वाढतं तर पिण्याने, असा हिशेब लावून पाणीही तोडलं. खाली नव्या इंद्रायणीचा वास सुटायचा आणि मालक ओसरीत पाठ करून अळणी अंडी खात बसायचे. त्यांच्या वाटचा भात वाया जाऊ नये म्हणून काकू तो वर मला पाठवायच्या. मी कुणाचं मन मोडत नाही. मालकांचं पोट उतरत गेलं आणि माझं चढत गेलं.

पोट उतरलं आणि पोटरीत गोळे यायला लागले. माणूस झोपेत असतो आणि पोटरीचं मांस आपोआप दगड होतं. पहिल्यांदा गोळा आला तेव्हा मालकांनी अशी बोंब ठोकली की मी धडाधड जिने उतरून खाली धावलो आणि मदत म्हणून त्यांचं पाऊल धरून खाली, बोटांकडे, जोरात ओढलं. ओढायचं असतं वर, गुडघ्याकडे. दुसरी बोंब पहिलीपेक्षा मोठी होती. शेजारी चुलतभावाच्या घरात दिवा लागला. त्यांना गोळ्याची खबर लागली असती तर मान गेल्यातच जमा. म्हणून मालकांनी दात आवळून खिडकीतून सांगितलं, "काय न्हाई, साप निघाला व्हता!" मग काय, अर्धी आळी काठ्या घेऊन आत. मालक पाय धरून खाटेवर आणि लोक खाटेखाली. साप सापडला नाही. त्यानंतर गोळा आला की मालक तोंडात टॉवेल कोंबायचे. काकूंनी उशाखाली लोखंडी विळा ठेवून पाहिला, मी ऑनलाइन मोजे मागवले. विळ्याने निदान दुसऱ्या दिवशी भाजी तरी चिरता आली.

शेवटी काकूंनीच आम्हा दोघांना पौडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी रक्तदाब पाहिला, रक्त तपासायला घेतलं आणि विचारलं, "मीठ कुणी बंद केलं?" मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. "भात-भाकरी एकदम तोडली की सुरुवातीला अंगातलं पाणी आणि क्षार भराभर बाहेर जातात," बाई म्हणाल्या. "त्यात तुम्ही मीठ तोडलं, पाणी तोडलं. पाय बोंबलणार नाहीत तर काय करतील?" रिपोर्ट चांगले आले. प्रेशर नाही, किडनी ठणठणीत, म्हणून मीठ नेहमीइतकं घ्या, पाणी आणि ताक भरपूर प्या, पालेभाजी सोडू नका, मनाने गोळ्या घेऊ नका. झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीला दाबून पोटऱ्या ताणा. गोळा आलाच तर गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढा, मग हळूहळू चाला, शेका. "आणि दुपारी वाटीभर भात खाल्लात तर काही गुन्हा होत नाही." मालकांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

आता मालक पोटऱ्या ताणायला लागले, म्हणजे त्यांच्या पद्धतीने. रोज दिवेलागणीला रस्त्याकडच्या भिंतीला दोन्ही हात लावून, दात-ओठ खाऊन ते उभे. एक पाय पुढे, एक मागे. रस्त्यावरून कामाहून परतणारी सगळी माणसं हे बघत जायची. आठवडा उलटला नाही तोच दुसऱ्या मजल्यावरचा नागपूरचा मुलगा घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला. "दादा, बिल्डिंग कलली म्हणे? मालक रोज धरून उभे राहून राहिले." दोघा भाडेकरूंनी बावधनला खोल्या बघायला सुरुवात केली होती. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "मला इचारायचं की! इमारत कशी हाय ते मीच सांगनार ना? रोज ढकलतुया, हलत न्हाई!"

चैत्रात यात्रा आली. मालकांनी पट्टा बांधला, आणि तो दिसला. काठी उभी राहिली, ढोल घुमला, लेझीमवाले पुढे. दोन्ही बाजूंना नव्या इमारती, त्यांच्या गॅलऱ्यांतून माणसं मोबाइल धरून उभी. चुलतभाऊ बरोबर एका हाताच्या अंतरावर, डोळे काठीच्या बुडावर. वेशीच्या वळणावर मालक एकदम थबकले. तो चेहरा मी ओळखला. गोळा! काठी टेकवता येत नव्हती, पाय धरता येत नव्हता, तोंडात टॉवेलही नव्हता. मालकांनी काठी छातीशी घट्ट धरली, डावा पाय पुढे वाकवला, उजवा लांब मागे नेला, टाच जमिनीत रोवली आणि तिथेच, तालावर, मागेपुढे झुलायला लागले. ढोलवाल्याला वाटलं हा नवा डाव, त्याने ठेका संथ केला. लेझीमवाल्यांनीही एक पाय मागे टाकला. बघता बघता सगळा ताफा वेशीवर पोटऱ्या ताणत होता. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. मग मालकांचा चेहरा सैल झाला आणि काठी चालायला लागली.

देवळाच्या पायरीवर काठी पोचल्यावर चुलतभाऊ तांब्या घेऊन पुढे आले. "पाय आकडला व्हता नव्हं?" त्यांनी हळूच विचारलं. मालकांचा हात पोटरीवरून पटकन निघाला. "मला दिसलं. मी हात लावनार व्हतो काठीला. पन लावला असता तर मान तुजा राहिला नसता." मालक पाणी प्यायले आणि उरलेला तांब्या त्यांनी भावाला दिला. बांध अजून तसाच आहे, पण त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी भांडतात, म्हणजे बोलतात.

पुढे बावधनला माझा फ्लॅट झाला आणि मी चांदं सोडलं. इथे पाणी एका धारेत येतं, हॉर्न वाजला तर कुणी आडवं जात नाही, आणि शेजारी कोण राहतं ते दारावरच्या पाटीवरून कळतं. मला कधीकधी झोपेतून जाग येते आणि खालून बोंब का आली नाही, असं वाटून मी उगाच पडून राहतो. मालकांचा मात्र दर रविवारी फोन येतो. "सायेब, पानी पिताय ना? मीठ सोडलं न्हाई ना?" परवा असंच बोलणं चाललं होतं, तेवढ्यात काकूंनी फोन घेतला. म्हटलं, "काकू, मालकांचे पाय बरे आहेत ना? पुन्हा गोळा वगैरे?"

"छ्या!" काकू म्हणाल्या. "तुमी गेल्यापास्नं एकदाबी न्हाई."